कॅसिनोचं तिकीट काढून घोडे बघायला गेले

माझे बाबा तीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होते, आणि तीस वर्षांत त्यांनी एकही शर्यत शेवटपर्यंत पाहिली नाही.

हे सांगितलं की लोकांना पटत नाही. सईस म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. पहाटे उठून खरारा करायचा, चंदी द्यायची, फिरवायचं. शर्यतीच्या दिवशी घोड्याला पॅडॉकमध्ये आणायचं, म्हणजे शर्यतीआधी लोकांना घोडे दाखवतात त्या गोलात. जॉकी वर बसला आणि घोडा ट्रॅककडे गेला की सईसाने परतीच्या फाटकापाशी जाऊन थांबायचं. तिथून शर्यत दिसत नाही. दिसते फक्त स्टँडची मागची बाजू. आरडाओरडा वाढत जातो, एकदम थांबतो, आणि थोड्या वेळाने घोडा घामाने न्हालेला परत येतो. तोंडावरूनच कळतं काय झालं ते, असं बाबा म्हणायचे.

"घोड्याच्या तोंडावरून?" मी लहानपणी विचारायचे.

"जॉकीच्या गं. घोड्याला काय, त्याला पाणी हवं असतं."

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या ट्रेनरने घोडे कमी केले आणि घोड्यांबरोबर माणसंही. आता बाबा वानवडीच्या एका सोसायटीत गेटवर बसतात. आई त्याच सोसायटीत दोन घरी स्वयंपाक करते. मी मँचेस्टरला एमएस्सी केलं आणि इथल्याच एका हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला लागले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझ्या शिक्षणात बाबांच्या घोड्यांचा मोठा वाटा आहे, कारण घोडा जिंकला की बक्षिसातला छोटासा हिस्सा सईसाला मिळतो.

थंडीत एकदा फोनवर बाबांनी सहज विचारलं, "तिथल्या रेसकोर्सवर गेलीस का गं मनू?"

"नाही गेले."

"जा की एकदा. वरून बघ. वरून शेवट कसा दिसतो ते मला सांग."

"सांगते कशाला? व्हिडिओ कॉल लावून दाखवते. पण बाबा, पुण्यातच तिकीट काढून जा ना सीझनला."

"तिकीट काढून? मी?" ते हसले आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून मेसेज आला. कधी जाणार, तारीख कळव.

तर मे महिन्यातली बँक हॉलिडेची शनिवार-सोमवार सुट्टी मी त्यासाठी राखून ठेवली. मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे भेटलेल्या एका मुलीने मला जे बघू दिलं ते बघू द्यायची तिला परवानगी होती की नाही, मला माहीत नाही. इतकं सांगते की मँचेस्टरहून एकदा गाडी बदलून दीडेक तासात पोहोचता येतं, आणि इंग्लंडमधल्या बहुतेक रेसकोर्सना तुम्ही असंच जाऊ शकता. तिकीट आधी काढा, रेल्वेचं सवलतीचं रेलकार्ड असेल तर वापरा. शर्यतीच्या दिवशी स्टेशनवरून मैदानापर्यंत बस असते, बरेचदा फुकट.

आता माझी चूक. वेबसाइटवर दोन प्रकारची तिकिटं होती. साधं तिकीट वीस-पंचवीस पौंडांचं. त्याच्या जवळजवळ तिप्पट किमतीचं एक पॅकेज, वरच्या मजल्यावर, पूर्ण काचेची भिंत, फिनिशिंग पोस्टच्या बरोब्बर समोर, जेवणासकट. खाली लिहिलं होतं, कॅसिनोमध्ये प्रवेश समाविष्ट. मी ते शेवटचं वाक्य वाचलं आणि सोडून दिलं. पुण्याला बाबा खालून मेंबर्सच्या स्टँडकडे बघायचे. काचा, पंखे, पांढरे टेबलक्लॉथ. आमच्या घरात "वर" या शब्दाचा अर्थच तो होता. बाबांना दाखवायचं तर वरूनच दाखवायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

बरोबर ईशा आली. ती माझ्या ऑफिसातली मैत्रीण. जन्म रीडिंगचा, आई-वडील दोघं मूळचे सांगलीचे डॉक्टर. तिचं मराठी तिचं स्वतःचं आहे.

"मी एक हॅट आणली, पण ती ट्रेनमध्ये खूप मोठा दिसतो," ती मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवर म्हणाली. हॅट खरंच मोठी होती, पण गाडी सुटली तेव्हा कळलं की आमच्या डब्यात ती सर्वांत लहान आहे. समोर लग्नाआधीच्या पार्टीला निघालेल्या बायका होत्या. गुलाबी सॅश, हातात कॅनमधलं कॉकटेल, डोक्यावर पिसं. त्यातल्या एकीने ईशाला विचारलं, "कुठल्या घोड्यावर लावणार?"

"आम्ही फक्त बघायला चाललोय," मी म्हणाले.

"बघायला?" तिने मैत्रिणींकडे वळून सांगितलं. "ऐका, या दोघी बघायला चालल्यात!" सगळ्या खूप हसल्या. वाईट मनाने नव्हे. आम्हालाही एक कॅन दिला.

बाहेर हिरवी कुरणं होती, त्यांत काही ठिकाणी घोडेही होते, अंगावर झूल घातलेले, शेपट्या हलवत उभे. मी फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर लगेच आलं. "डावीकडचा थकलेला आहे. बाकी छान."

मैदानात शिरताना हवा छान होती. गवताचा, चिप्सचा, बिअरचा वास. कागदी कपात चहा मिळतो, सारण भरलेल्या खारट पेस्ट्र्या मिळतात, मांसाच्या आणि चीज-कांद्याच्याही, रांग मोठी असते पण भराभर सरकते. ट्रॅकच्या पांढऱ्या कुंपणाजवळ बुकी आपापले फलक लावून उभे होते. मला खालीच थांबावंसं वाटत होतं. पण जेवणाची वेळ ठरलेली होती, म्हणून आम्ही लिफ्टने वर गेलो.

दारातल्या बाईंनी आमची ओळखपत्रं बघितली, हातावर शिक्का मारला आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "सॉरी लव्ह, तो बॅगेत. आत फोटो नाही, व्हिडिओ नाही, कॉल नाही."

"पण मला वडिलांना शर्यत दाखवायची आहे. ते भारतात आहेत."

"किती गोड. पण कॅसिनोचा नियम आहे. पत्ते असतात ना."

फोन बॅगेत गेला.

आत खोली खरोखर सुंदर होती. जाड गालिचा, मंद दिवे, एका बाजूला रुलेटचं टेबल, दोन ब्लॅकजॅकची, भिंतीला लागून जुगाराच्या यंत्रांची लांब रांग. आणि समोर काच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली पूर्ण ट्रॅक, हिरवा आणि ओलसर, लाल-पांढरा फिनिशिंग पोस्ट हाताच्या अंतरावर. बाबांना दाखवायला मला जे हवं होतं ते सगळं तिथे होतं. फक्त टेबलं अशी मांडली होती की खेळणाऱ्यांची पाठ काचेकडे.

पहिली शर्यत सुरू झाली. काच जाड असल्यामुळे आवाज येत नव्हता. घोडे वळणावरून आले, जवळ आले, पुढून निघून गेले, मासे पोहत गेल्यासारखे. खोलीत रुलेटची गोटी फिरण्याचा आवाज होता. दोघा-तिघांनी मान वळवून भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. शर्यत पडद्यावर दिसत होती आणि मागच्या खिडकीतही होती, तरी त्यांनी पडद्याकडेच पाहिलं.

काचेपाशी माझ्याशिवाय एकच माणूस उभा होता. सत्तरीचा, टाय लावलेला. निवृत्त पोस्टमन, नाव केन. मुलीने वाढदिवसाला ही तिकिटं दिली होती आणि ती मुलगी आता ब्लॅकजॅकला बसली होती.

"मी शाळकरी असल्यापासून येतोय," ते म्हणाले. "मधे हे मैदान बंद पडणार होतं. घरं बांधायचं चाललं होतं इथे. मग कॅसिनो आला. गळकं छप्पर दुरुस्त झालं, बक्षिसं वाढली, चांगले घोडे परत यायला लागले."

"मग चांगलंच झालं की."

"झालंच. ही यंत्रं घोड्यांना खायला घालतात." त्यांनी मागे न बघता अंगठा दाखवला. "मला ती आवडत नाहीत. पण ती नसती तर मी आज इथे उभा राहून कुणाच्या तरी बाथरूमकडे बघत असतो."

"आणि उद्या यंत्रांनाच वाटलं की घोड्यांची गरज नाही, तर?"

केननी माझ्याकडे पाहिलं. "हा प्रश्न मी विचारत नाही," ते म्हणाले. "माझ्या वयात विचारून काय करायचं?"

मी येताना मनात एक भाषणच तयार करून आले होते. घोडा खरा, जुगार खोटा, असं काहीतरी. तिथे उभी राहिले तेव्हा ते टिकेना. आमच्या घरची चूलसुद्धा घोड्यावर पैसे लावणाऱ्यांच्याच जिवावर पेटायची, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण घोड्यावर लावायला निदान घोडा लागतो. कुणाला तरी पहाटे उठून त्याला पाणी दाखवावं लागतं. त्या यंत्रांना रात्री एक माणूस फडक्याने पुसतो आणि झालं. दोन्हीकडे पैसे लावणारी माणसं तीच, पण एकीकडच्या पैशातून माझे बाबा जगत होते. कार्यक्रमपत्रिकेत शर्यतींना प्रायोजकांची नावं होती आणि त्यातली कितीतरी ऑनलाइन कॅसिनोंची होती. घोड्यांच्या झुलीवरही तीच. आपल्याला नको झालेला पाहुणाच घराचं भाडं भरतोय, असं काहीतरी ते वाटत होतं.

जेवण चांगलं होतं. ईशा "फक्त पाच मिनिटं" म्हणून यंत्रावर बसली.

बाथरूममध्ये जाऊन मी फोन बघितला. बाबांचे मेसेज होते. "चालू झाली का?" "इथे सव्वासात झाले, मी गेटवर आहे." "सोसायटीतल्या जाधवांच्या पोराने इअरफोन दिलेत." आणि शेवटचा, "घाई नाही."

तो "घाई नाही" वाचून मला रडू आलं. बाबांना घाई असली की ते नेहमी हेच म्हणतात.

बाहेर येऊन मी ईशाला म्हणाले, "चल, खाली जाऊ. इथून कॉल करता येत नाही."

"दोन मिनट. आता बोनस येणार आहे, बघ, हा अननस तीनदा आला."

"ईशा, बाबा थांबलेत."

"काकांना सांग, मी येते." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. हॅट शेजारच्या खुर्चीवर होती. मी एकटीच निघाले. केननी हात वर केला. "कुंपणाला चिकटून उभी राहा," ते म्हणाले, "आणि कोपरं बाहेर काढ."

खाली आले तर गर्दी दुप्पट झालेली. नेटवर्क येत-जात होतं. एक शर्यत कॉल लावण्यातच गेली. उरली फक्त शेवटची. मी गुलाबी सॅशवाल्या बायकांच्या मधून वाट काढत कुंपणापर्यंत पोहोचले आणि तेवढ्यात बाबांचा चेहरा पडद्यावर आला. निळा युनिफॉर्म, मागे सोसायटीचा ट्यूबलाइट.

"दिसतंय का बाबा?"

"दिसतंय, दिसतंय. फोन जरा खाली धर. गवत कसलं आहे गं! केवढं हिरवं!"

शर्यत सुटली. आधी काहीच नाही, मग लांबून ढगासारखं काहीतरी, मग पायांखालची जमीन थरथरायला लागली. वर काचेमागे हे नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी उंच धरला. "बाबा, आले, आले!" आणि नेमकं तेव्हाच सगळी गर्दी एकदम पुढे लोटली. कुणाचा तरी हात माझ्या हातावर आपटला. घोडे समोरून गेले ते मी पाहिले, त्यांचा श्वास ऐकला, उडालेली माती गालावर लागली. फोनने मात्र आकाश पाहिलं.

"बाबा, सॉरी. सॉरी. दिसलं नाही ना तुम्हाला?"

"आवाज आला ना," बाबा म्हणाले. "एवढ्या जवळून आवाज आम्हालाही नाही यायचा." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. कामाचा झाला. "आता तिथं नको थांबू. घोडे परत कुठून आणतात बघ. पळ. पळ लवकर."

मी पळाले. स्टँडच्या मागे पॅडॉकच्या पुढे एक मोकळी जागा होती, तिथे घोडे परत येत होते. जिंकलेल्या घोड्याभोवती सूट घातलेले लोक आणि फोटोग्राफर. बाकीचे घोडे बाजूला, कमी उंचीच्या कुंपणापलीकडे. तिथे एक मुलगी एका तांबड्या घोड्यावर बादलीने पाणी ओतत होती. घोड्याच्या अंगातून वाफ निघत होती. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवून पाणी निथळून काढलं, पुन्हा बादली उचलली. वयाने ती माझ्याएवढीच असेल.

"जवळ ने," बाबा म्हणाले. "नाकपुड्या दाखव. हां. जोरात पळालाय बिचारा. आता फिरवायला पाहिजे, उभा नको ठेवू म्हणावं. निवला पाहिजे." निवणं म्हणजे अंगातली धग हळूहळू उतरणं. घोडा शर्यतीनंतर एकदम उभा केला तर आजारी पडतो, म्हणून त्याला चालवत चालवत थंड करतात.

मुलीने आमच्याकडे पाहिलं. मी भीत भीत म्हणाले, "माझे वडील आहेत. भारतात घोडे सांभाळायचे."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि घोड्याला कुंपणाशी घेऊन आली. फोनसमोर तांबडं, ओलं, मोठं तोंड आलं. आणि मग फोनमधून शीळ आली. लांब, खालच्या सुरातली, मधेच थोडी वर जाणारी. ती मी हजार वेळा ऐकली होती. घोड्याला उत्तेजक दिलंय का हे बघायला शर्यतीनंतर त्याची लघवी तपासायला घ्यायची असते, आणि घोड्याने लघवी करावी म्हणून सईस तशी शीळ घालतात. आई यावरून बाबांना अजून चिडवते.

घोड्याचे कान पुढे झाले. मुलगी जोरजोरात हसायला लागली.

"नको नको! त्यांना सांग, आत्ता नको!" ती म्हणाली. "याला तपासणीला बोलावलंय. बॉक्समध्ये नेईपर्यंत थांबा म्हणावं!" आणि मग तिने स्वतः शीळ घालून दाखवली. जवळजवळ तीच.

मी बाबांना सांगितलं. ते इतके हसले की फोन हलायला लागला. "म्हणजे तिथंही तेच! तिला म्हणावं, पोरी, तोंड जरा गोल कर, अजून खालून काढ."

ती घोड्याला फिरवायला लागली, मी कुंपणाच्या या बाजूने फोन धरून बरोबर चालायला लागले. एक फेरी, मग अजून एक. बाबा मधेच एखादा शब्द बोलायचे. "सैल सोड." "हां." "बरोबर." नंतर म्हणाले, "मनू, लोक येतात ना गं तिथं अजून? घोडे बघायला?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुंपणापाशी मी, एक आजी आणि तिची नात. वर काचेची खोली दिवे लावून भरलेली होती, आतली माणसं पाठमोरी.

"येतात," मी म्हणाले. "थोडे."

"थोडेच असतात," बाबा म्हणाले. "परत आलेला घोडा बघायला कोण थांबतं? आमच्याकडंही नव्हतं कुणी." ते दुःखाने बोलले असं मला वाटलं नाही. कुणाची तरी चौकशी करावी आणि तो आहे तसाच आहे असं कळावं, तसा तो आवाज होता. मुलगी घोड्याला घेऊन तपासणीच्या बॉक्सकडे गेली. बाबांनी तिला हात केला. तिनेही केला.

ईशा स्टेशनच्या बसच्या रांगेत भेटली, हॅट हातात. "मी एक पण रेस नाही बघितला," ती हळूच म्हणाली. "मला कळलाच नाही वेळ कसा गेला. काका रागवला का?"

"नाही."

"मला पण दाखवशील का, तुझा घोडा?" मी तिला रेकॉर्डिंग नसल्याचं सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मँचेस्टरपर्यंत झोपली.

तुम्ही जाणार असाल तर साधं तिकीट काढा. शर्यतीआधी पॅडॉकपाशी उभे राहा, शर्यत कुंपणावरून बघा आणि संपल्यावर लगेच बारकडे पळू नका. वरची खोली वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे ते छप्पर उभं आहे, ती मुलगी नोकरीला आहे, तो तांबडा घोडा तिथे आहे. हे मान्य करूनही मला ते मैदान कुणाच्या तरी पाठीमागे पडलेलं बघवत नाही. घोड्यांसाठी घोडे बघणारी माणसं पुरेशी असतील, अशी एखादी जागा मला हवी आहे. अशी जागा कधी होती का, हे बाबांना विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, खिडकीबाहेर मँचेस्टरचा नेहमीचा पाऊस.

"काय गं, काय दाखवलंस त्यांना?" आई म्हणाली. "पाय दुखतात म्हणत होते रात्री."

"पाय? बसूनच तर होते."

"कुठले बसून! मी वरचं काम आटपून खाली आले तर खुर्ची रिकामी. हे पार्किंगमध्ये गोल गोल फिरतायत. डाव्या हातात फोन, आणि उजवा हात असा पुढे, खांद्याच्या उंचीवर धरलेला. लगाम धरल्यासारखा. गेटवर दोन गाड्या हॉर्न वाजवतायत, यांना पत्ता नाही."

"मग? तू हाक मारलीस?"

"नाही गं," आई म्हणाली. "मीच गेट उघडलं. म्हटलं, घोडा निवू दे."